एम.टेक.चा प्रबंध शेवटाकडून मोजा : काँक्रीटच्या एका प्रकल्पाचं नियोजन

एम.टेक.चं दुसरं वर्ष सुरू होतं तेव्हा हातात अख्खं वर्ष मोकळं आहे असं वाटतं. तिसऱ्या सत्रात विषय कमी, चौथ्यात जवळपास नाहीतच, आणि प्रबंध द्यायचा मे महिन्याच्या अखेरीला. पण स्ट्रक्चरल शाखेत काँक्रीटवर प्रयोग करायचे असतील, तर या वर्षातले निर्णयाचे दिवस फार थोडे असतात. बाकीचा काळ काँक्रीट स्वतःच्या वेळेने पक्कं होत असतं आणि त्याला घाई करता येत नाही. प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणून जे शिकवलं जातं त्यातलं बरंचसं एवढ्या एका अडचणीतून नीट समजतं, म्हणून इथे एकच प्रकल्प घेऊन त्याचा पूर्ण हिशेब मांडला आहे.

प्रकल्प असा धरू. एम ४० दर्जाचं, म्हणजे २८ दिवसांना प्रति चौरस मिमी ४० न्यूटन ताकदीचं काँक्रीट. त्यातल्या सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश (कोळसा जाळून उरणारी बारीक राख) घालायची : एका मिक्समध्ये शून्य टक्के, बाकी तिघांत २०, ३० आणि ४० टक्के. ७, २८, ५६ आणि ९० दिवसांनी क्यूब, म्हणजे काँक्रीटचे घनाकृती ठोकळे, दाबून ताकद मोजायची, आणि २८ व ९० दिवसांना क्लोराइड आत किती शिरतं याची चाचणी घ्यायची. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे अशी औष्णिक वीज केंद्रं असलेल्या महाराष्ट्रात हा विषय नेहमीचाच आहे. फ्लाय ॲशची ताकद सावकाश वाढते. २८ दिवसांना ती मागे दिसते आणि ५६ ते ९० दिवसांत अंतर भरून काढते. म्हणजे ९० दिवसांचा आकडा नसेल तर या प्रबंधात सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

तारखा उलट्या क्रमाने

प्रबंध जमा करायची तारीख ३१ मे धरा आणि तिथून मागे चला. गाइडच्या दुरुस्त्या, साहित्यचोरी तपासणीचा अहवाल, छपाई, बाइंडिंग आणि सह्या यांना मिळून तीन आठवडे लागतात. म्हणजे पूर्ण मसुदा १० मेला तयार हवा. निकालांचे आलेख, चर्चा आणि शेवटची दोन प्रकरणं यांना साडेतीन आठवडे दिले, की शेवटची चाचणी १५ एप्रिलला झालेली असली पाहिजे. त्यातून ९० दिवस वजा करा. शेवटचा क्यूब १५ जानेवारीला ओतलेला हवा. त्यानंतर ओतलेल्या क्यूबचा ९० दिवसांचा निकाल वेळेत येत नाही, मग विद्यार्थी कितीही रात्री जागो.

पण १५ जानेवारी ही शेवटची हद्द झाली, नियोजनाची तारीख नव्हे. नियोजनात कास्टिंग १५ डिसेंबरला संपवायचं. मधला महिना अंदाजाने सोडलेला नाही. १५ डिसेंबरला ओतलेल्या क्यूबचा २८ दिवसांचा निकाल १२ जानेवारीला मिळतो. एखादं मिक्स बिघडलं असेल तर ते त्या दिवशी कळतं आणि पुन्हा ओतायला तीन दिवस उरतात. म्हणून हा महिना दिवाळीच्या सुट्टीसाठी किंवा उशिरा आलेल्या साहित्यासाठी खर्च करायचा नाही. तो एका फसलेल्या मिक्ससाठी राखलेला आहे.

आणखी मागे या. चार मिक्सचं कास्टिंग चार आठवड्यांचं, म्हणजे सुरुवात १७ नोव्हेंबरच्या सुमारास. त्याआधी ट्रायल मिक्स. ट्रायलचाही २८ दिवसांचा निकाल लागतो, म्हणून पहिली ट्रायल ५ ऑक्टोबरला, निकाल २ नोव्हेंबरला, आणि प्रमाणं दुरुस्त करायला दोन आठवडे. साहित्य ३० सप्टेंबरपर्यंत प्रयोगशाळेत येऊन तपासलेलं हवं. तपासणीला एक आठवडा आणि खरेदीला पाच आठवडे धरले तर मागणी २० ऑगस्टच्या आसपास कार्यालयात पोचली पाहिजे. सत्र १ ऑगस्टला सुरू झालं असेल, तर विषय, मिक्सची संख्या आणि चाचण्या ठरवायला जेमतेम तीन आठवडे मिळतात.

साहित्य, ट्रायल, कास्टिंग, ९० दिवस, लेखन : ही साखळी म्हणजेच क्रिटिकल पाथ. अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीत कारखान्यांच्या कामासाठी ही पद्धत आकाराला आली. तिचा अर्थ एवढाच, की या साखळीतलं कुठलंही काम एक दिवस लांबलं तर शेवटची तारीख एक दिवस लांबते. साखळीबाहेरच्या कामांना मोकळीक असते. संदर्भ वाचन, पहिली तीन प्रकरणं, सेमिनारची स्लाइड ही कामं पुढे-मागे सरकली तरी चालतात. बहुतेक विद्यार्थी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नेमकं उलटं करतात. रोज पेपर वाचतात, त्याच्या नोंदी काढतात, आणि सिमेंटची मागणी ‘गाइडशी एकदा बोलून’ द्यायची म्हणून ठेवून देतात. वाचन ऑक्टोबरमध्येही होतं, सिमेंट मात्र ऑगस्टमध्येच मागवावं लागतं.

क्यूबची मोजदाद

आता संख्या. एका वयाला तीन क्यूब. चार वयं, म्हणजे प्रत्येक मिक्सचे १२. त्यात तीन जादा ठेवा, झाले १५. जादा कशासाठी? आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकाप्रमाणे तीन क्यूबपैकी कुणाचाही निकाल सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक हलता कामा नये. एक क्यूब साच्यातून काढताना कोपऱ्यावर तुटला, किंवा वरचा पृष्ठभाग तिरका राहिला, की तो संच धोक्यात येतो. जादा तिघं असले तर ते वय वाचतं.

१५० मिमीच्या एका क्यूबला ३.३७५ लिटर काँक्रीट लागतं आणि त्याचं वजन आठ किलोच्या वर भरतं. १५ क्यूब आणि क्लोराइड चाचणीसाठी १०० मिमी व्यासाचे, २०० मिमी उंचीचे चार सिलिंडर मिळून ५७ लिटर होतात. मिक्सरला चिकटणारं, स्लंप चाचणीत (ओल्या काँक्रीटचा सैलपणा मोजायच्या चाचणीत) जाणारं आणि सांडणारं धरून १५ टक्के वाढवा : एका मिक्सला ६५ लिटर. चार मिक्सचे २६० लिटर. सहा ट्रायल, प्रत्येकी सहा क्यूब, त्याचे १४० लिटर. एक फसलेलं मिक्स पुन्हा ओतायचे ६५ लिटर. एकूण सुमारे ४६५ लिटर.

घनमीटरला ४०० किलो बाइंडर धरला तर १८५ किलोच्या घरात सिमेंट आणि फ्लाय ॲश मिळून लागेल. पुन्हा ओतायचं मिक्स शून्य टक्क्याचं निघालं तर त्यात सिमेंट साधारण १५० किलो. तेव्हा ५० किलोची चार पोती घ्या, तीन नव्हे. फ्लाय ॲश ६० किलो, खडी ५५० किलो आणि क्रश सँड ४०० किलो पुरते. सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) बाइंडरच्या ०.८ टक्के धरलं तर दीड किलो लागतं, म्हणून पाच लिटरचा कॅन भरपूर झाला.

चारही पोती एकाच आठवड्यात भरलेली असावीत. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ट्रायलला एका लॉटचं सिमेंट आणि कास्टिंगला दुसऱ्या लॉटचं वापरलं, तर फरक फ्लाय ॲशमुळे पडला की सिमेंटमुळे हे कुणालाच सांगता येणार नाही. सप्टेंबरच्या दमट हवेत उघडं पोतं महिनाभरात गुठळ्या धरतं. म्हणून पोती आल्या दिवशीच हवाबंद ड्रममध्ये ओता आणि मुख्य कास्टिंगच्या आधी सिमेंटची सेटिंग टाइम आणि ताकद पुन्हा एकदा तपासा.

आणखी एक गोष्ट ऑगस्टमध्येच पाहून ठेवायची : क्यूब दाबायची मशीन. एम ४० चं लक्ष्य ४० + १.६५ × ५, म्हणजे ४८.२५ न्यूटन प्रति चौरस मिमी येतं. क्यूबचा पृष्ठभाग २२,५०० चौरस मिमी, म्हणून तो तोडायला १,०८५ किलोन्यूटन लागतात. ९० दिवसांना याहून जास्त. विभागात १,००० किलोन्यूटनची जुनी मशीन असेल तर ती ४४ च्या पुढे जाऊच शकत नाही. २,००० किलोन्यूटनची असेल तर तिच्यावर चिकटवलेली कॅलिब्रेशनची तारीख वाचा. ती फेब्रुवारीत संपत असेल तर मार्च-एप्रिलमधल्या निकालांवर परीक्षक बोट ठेवेल, आणि कॅलिब्रेशनची मागणी विभागप्रमुखांकडे आत्ताच द्यायला हवी.

कोणत्या वारी ओतायचं

ही बारीक बाब आहे, पण ऐन वेळी इथेच पाय घसरतो. ७, २८ आणि ५६ हे सातच्या पटीतले आकडे आहेत, म्हणून या चाचण्या कास्टिंगच्याच वारी येतात. ९० मात्र ९१ पेक्षा एक कमी, म्हणून ती चाचणी आदल्या वारी येते. सोमवारी ओतलेल्या क्यूबचा नव्वदावा दिवस रविवार असतो आणि प्रयोगशाळा बंद असते. रविवारी ओतलं तर उरलेल्या तीनही चाचण्या रविवारी. म्हणून कास्टिंग मंगळवार ते शुक्रवार या दिवसांत करावं. शनिवारी प्रयोगशाळा पूर्ण दिवस चालू असेल तरच शनिवार.

मग सुट्ट्या. १ डिसेंबरला ओतलं तर छप्पन्नावा दिवस २६ जानेवारी. २१ नोव्हेंबरचा नव्वदावा दिवस १९ फेब्रुवारी, शिवजयंती. २७ नोव्हेंबरचा अठ्ठाविसावा दिवस २५ डिसेंबर. १४ जानेवारीचा नव्वदावा १४ एप्रिल. एक्सेलमध्ये कास्टिंगची तारीख टाकून पुढच्या चार रकान्यांत ७, २८, ५६ आणि ९० मिळवा, शेजारी वार काढा, आणि महाविद्यालयाची सुट्ट्यांची यादी समोर ठेवून लाल खुणा करा. वीस मिनिटांचं काम आहे. लीप वर्षात फेब्रुवारीचा एक दिवस वाढतो तेवढा लक्षात ठेवायचा. गँट चार्ट म्हणतात तो याच तक्त्याचं चित्ररूप. त्यासाठी प्रोजेक्टलिब्रे हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. मोठ्या बांधकाम कंपन्यांत प्रायमाव्हेरा वापरतात, पण विचार तोच.

साच्यांचाही विचार याच तक्त्यात करा. ओतलेला साचा एक दिवस अडकतो, नंतर स्वच्छ करून तेल लावायला अर्धा दिवस. विभागात १५ साचे असतील आणि तिघंजण ते वापरणार असतील, तर तुमचे चार मिक्स आठ दिवसांत होणार नाहीत. वर चार आठवडे धरले आहेत ते यासाठी. क्युरिंगची टाकी (क्यूब पाण्यात ठेवायची), मिक्सर आणि दाबायची मशीन यांचंही तसंच. तिघांनी मिळून सप्टेंबरमध्येच एक सामायिक वेळापत्रक करून प्रयोगशाळेच्या दारावर लावलं, तर डिसेंबरमधली भांडणं टळतात.

अंदाज कसा बांधायचा

खरेदीला पाच आठवडे कुठून आले? पर्ट ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये बनली. तिच्यात प्रत्येक अनिश्चित कामाला तीन आकडे विचारतात : सगळं सुरळीत झालं तर किती वेळ, नेहमी किती लागतो, आणि सगळंच अडलं तर किती. पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि तिसरा यांची बेरीज करून सहाने भागायचं. खरेदीला उत्तम परिस्थितीत २ आठवडे, नेहमीचे ४ आणि वाईटात वाईट १२. बेरीज ३०, भागिले सहा, उत्तर ५. तिसऱ्यातून पहिला वजा करून सहाने भागलं की अनिश्चितता कळते. इथे ती १.७ आठवडे आहे, म्हणजे बरीच.

यातला मधला आकडा स्वतःच्या मनाने लिहू नये. स्टोअरच्या माणसाला विचारा, मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा. आपल्या कामाचा वेळ आपण नेहमी कमी धरतो, दुसऱ्याच्या टेबलावर कागद किती दिवस पडून राहतो हे तर आपल्याला माहीतच नसतं.

कागद आणि खरेदी

इंजिनिअरला हा भाग कमी दर्जाचा वाटतो. नोकरीत मात्र पहिल्याच वर्षी याचीच गाठ पडते. साधारण क्रम असा : इंडेंट (मागणीपत्र), त्यावर गाइड आणि विभागप्रमुखांची सही, तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, पर्चेस ऑर्डर, माल, स्टोअरमधली नोंद, बिल, पैसे. किती रकमेपर्यंत कोटेशनशिवाय घेता येतं आणि कुठून पुढे समिती लागते, याची मर्यादा संस्थेनुसार वेगळी असते आणि बदलतही राहते. ती हिशेब विभागातून लेखी घ्या.

कोटेशनमध्ये चार गोष्टी पाहा : किंमत जीएसटीसह की वेगळी, पोचवण्याचा खर्च कोणाचा, किंमत किती दिवस लागू, आणि माल किती दिवसांत. तिन्ही कोटेशनमध्ये मालाचं वर्णन अक्षरशः एकच असायला हवं. एकाने ‘फ्लाय ॲश’ आणि दुसऱ्याने ‘आयएस ३८१२ भाग १ प्रमाणे फ्लाय ॲश’ लिहिलं, तर हिशेब विभाग तुलना होत नाही म्हणून कागद परत पाठवतो आणि दोन आठवडे जातात. एकच पोतं खडी विकणारा दुकानदार पर्चेस ऑर्डरवर उधारी देत नाही. तिथे आधी स्वतः पैसे भरून नंतर घ्यावे लागतात. तेव्हा परवानगी आधी घ्या आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल महाविद्यालयाच्या नावाने बनवून घ्या, स्वतःच्या नावाने नको.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. मार्चच्या मध्यानंतर दिलेली बिलं अडकतात आणि न खर्चलेलं अनुदान अनेकदा परत जातं. चौथ्या सत्रातल्या चाचण्या बाहेरच्या प्रयोगशाळेत करायच्या असतील, तर त्यांची मंजुरी जानेवारीतच मिळवून ठेवावी.

काय बिघडतं, आणि का

धोक्यांची नोंदवही म्हणजे एक साधा तक्ता. काय होऊ शकतं, शक्यता १ ते ५, फटका १ ते ५, दोघांचा गुणाकार, आधी कोणती खूण दिसेल, आणि ती दिसली तर काय करायचं. यातला पाचवा रकाना, म्हणजे खूण, बहुतेक जण रिकामा सोडतात. तो रिकामा असेल तर वही निरुपयोगी.

क्रश सँडचा ओलावा घ्या. पावसाळ्यात आलेल्या ओल्या वाळूत ती शोषेल त्याहून ३ टक्के मोकळं पाणी असेल आणि घनमीटरला ७५० किलो वाळू असेल, तर २२ लिटर पाणी न सांगता मिक्समध्ये येतं. ०.४० चं पाणी-बाइंडर प्रमाण ०.४५ च्या वर जातं आणि ताकद घसरते. खूण : स्लंप ठरल्यापेक्षा जास्त येणं. उपाय : प्रत्येक कास्टिंगच्या सकाळी वाळूचा नमुना वाळवून ओलावा मोजणं आणि तेवढं पाणी कमी करणं.

दुसरा धोका थंडी. क्युरिंगचं पाणी २७ अंशांच्या दोन अंश खाली-वर असावं असं मानक सांगतं. डिसेंबरात पुणे-नाशिककडच्या उघड्या टाकीतलं पाणी रात्रीत बरंच खाली जातं, आणि थंड पाण्यात फ्लाय ॲशचं मिक्स शून्य टक्क्याच्या मिक्सपेक्षा जास्त मागे पडतं. मग निष्कर्षात फ्लाय ॲशला दोष दिला जातो, खरा दोष टाकीचा. खूण : सकाळी आठचं तापमान. उपाय : थर्मामीटर, थर्मोस्टॅट असलेला हीटर आणि झाकण.

बाकीचे पटकन सांगतो. सुपरप्लास्टिसायझर आणि सिमेंट यांचं न जमणं मार्श कोनमध्ये (मिश्रण किती सहज वाहतं हे मोजायच्या नरसाळ्यात) आधी पाहावं. वीज केंद्रातली राख आठवड्यागणिक बदलते, म्हणून सगळी एकाच दिवशी उचलावी. क्यूबवर खडूने लिहिलेला नंबर पाण्यात पुसला जातो, तेलरंगाने लिहावा आणि मिक्सनिहाय टाकीतली जागाही नोंदवावी. ७ दिवसांच्या चाचणीनंतर टाकीत निनावी क्यूब सापडणं हा खूपच वारंवार होणारा प्रकार आहे. दाबताना गती मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.२ किलोन्यूटन ठेवायची. घाईने व्हॉल्व्ह जास्त उघडला तर ताकद खोटी वाढलेली दिसते. क्लोराइड चाचणीला प्रत्यक्ष सहाच तास ६० व्होल्ट द्यायचे असतात, पण त्याआधी नमुना निर्वातात ठेवून भिजवायला जवळजवळ एक दिवस जातो. तेव्हा प्रत्येक फेरीला दोन दिवस धरा.

गाइड, लॅबमधले काका आणि इतर

गाइडची वेळ आठवड्यातून वीस मिनिटं पुरते, जर तयारी असेल तर. भेटीच्या आदल्या दिवशी एका पानावर तीन गोष्टी पाठवा : काय झालं, काय अडलं, आणि ‘सर, आज हा एक निर्णय हवा आहे’. निर्णय विचारताना पर्याय घेऊन जा. ‘साचे कमी आहेत, काय करू?’ यापेक्षा ‘साचे कमी आहेत. एकतर ५६ दिवसांची चाचणी सोडावी लागेल, किंवा शेजारच्या महाविद्यालयातून सहा साचे आणावे लागतील. दुसरं बरं वाटतं, पत्र द्याल का?’ याला उत्तर लगेच मिळतं. भेट झाल्यावर त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळींत ईमेलने कळवा. मार्चमध्ये ‘४० टक्के का घेतलं?’ हा प्रश्न आला की हीच ईमेल उपयोगी पडते.

प्रयोगशाळेतल्या काकांना कामाची कल्पना दोन दिवस आधी द्या. साठ क्यूब म्हणजे जवळजवळ पाचशे किलो वजन, आणि ते कुणीतरी उचलणार असतं. मिक्सर धुऊन ठेवणं आणि साचे जागेवर लावणं हे तुमचं काम आहे. हातमोजे, बूट आणि कोरडं साहित्य ओतताना मास्क हे नियम सगळ्यांना लागू. ओल्या सिमेंटने कातडी भाजते आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं.

मग येतो तो प्रसंग : नोव्हेंबरच्या प्रेझेंटेशनमध्ये समितीतलं कुणीतरी सुचवतं, ‘५० टक्क्यांचंही एक मिक्स टाका ना.’ सूचना चांगली असू शकते. तिथेच हो किंवा नाही म्हणू नका. ‘सर, त्याचा हिशेब मांडून दोन दिवसांत सांगतो’ म्हणा. हिशेब तयारच आहे : एक मिक्स म्हणजे १५ क्यूब, चार सिलिंडर, २६ किलो बाइंडर, साचे दीड दिवस, टाकीत जागा, आणि राखीव महिन्यातले काही दिवस. अर्ध्या पानावर हे लिहून, बदल्यात काय सोडावं लागेल तेही लिहून गाइडची सही घ्या. कंपन्यांत चेंज रिक्वेस्ट म्हणतात ती हीच. काम वाढलं की वेळ किंवा पैसे वाढतात हे भांडण न करता कागदावर दाखवता येणं, हे या सगळ्यातलं सर्वांत किमती कौशल्य आहे असं आम्हाला वाटतं.

किती झालं हे कसं सांगायचं

‘ऐंशी टक्के काम झालं’ या वाक्याला अर्थ नसतो. मोजता येईल असं सांगा. या आठवड्यापर्यंत ३० क्यूब ओतायचे होते, १८ ओतले. १८ भागिले ३० म्हणजे ०.६. एकाच्या खाली म्हणजे मागे. दोन आठवडे सलग ०.८ च्या खाली राहिलं तर गाइडशी बोलायचं. ‘झालं’ कशाला म्हणायचं हेही आधी ठरवा. साहित्य आलं म्हणजे झालं नव्हे. चाळणी, विशिष्ट गुरुत्व आणि पाणी शोषण मोजून वहीत चढलं म्हणजे झालं. चाचणी झाली म्हणजे तुटलेल्या क्यूबचा आणि मशीनच्या पडद्याचा फोटो, वजन, भार आणि तारीख त्याच दिवशी एक्सेलमध्ये आलं.

फाइलच्या नावात तारीख, मिक्स आणि वय असू द्या. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ अशी नावं नकोत. माहिती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा घराबाहेर किंवा क्लाउडवर.

क्युरिंगचे ९० दिवस हे लेखनाचे दिवस आहेत. जानेवारीअखेर पहिली तीन प्रकरणं गाइडच्या हातात गेली पाहिजेत. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले तर शेवटी दोन रात्री वाचतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि १० ते ४० टक्क्यांना प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागतो. मानकांतले उतारे जसेच्या तसे चिकटवण्याने हा आकडा सर्वांत लवकर वाढतो. तेव्हा कलमाचा क्रमांक द्या आणि आशय स्वतःच्या वाक्यांत लिहा.

मुलाखतीत

प्रमाणपत्रांबद्दल थोडक्यात. पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेचं कॅपम प्रमाणपत्र नवख्यांसाठी आहे. त्याला २३ तासांचं प्रशिक्षण लागतं, अनुभव नाही. त्याच संस्थेच्या पीएमपी या वरच्या प्रमाणपत्राला पदवीधराकडे ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो, म्हणून एम.टेक. करताना त्याच्या मागे लागू नये. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर प्रकल्प व्यवस्थापनाचे चांगले कोर्स आहेत. एक पुरे.

मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलतं ते काम. ‘उत्तम टीमवर्क’ असं लिहू नका. लिहा : चार मिक्स, साठ क्यूब, तिघांत वाटलेले १५ साचे, एक मिक्स २८ दिवसांना फसलं, राखीव वेळेत पुन्हा ओतलं, प्रबंध तारखेला दिला. समोरचा माणूस साइटवर काम केलेला असेल तर तो लगेच विचारतो, ‘का फसलं? कधी कळलं?’ धोक्यांची वही आणि त्या चार ओळींच्या ईमेल असतील तर उत्तर तारखेसकट देता येतं.

एक शेवटचं काम राहतं. उरलेले क्यूब तोंडी परीक्षा होईपर्यंत टाकू नका, परीक्षक दाखवा म्हणू शकतो. परीक्षेनंतर ते फोडून मलबा हलवा, साचे मोजून परत करा, मूळ नोंदवही, एक्सेल आणि फोटो विभागाच्या संगणकावर ठेवा, आणि सोबत एका पानावर लिहा की कोणत्या दुकानातून काय घेतलं आणि त्याला खरे किती दिवस लागले. पुढच्या वर्षीच्या मुलाला पर्टमधला मधला आकडा तिथूनच मिळेल.